दर चुलीला एक वाटा

आमच्याकडे शिकारीचा वाटा माणसाला मिळत नाही, चुलीला मिळतो. घरात खाणारी दहा तोंडं असोत की दोन, चूल एक तर वाटा एक. घरधनी हाक्याला, म्हणजे रानातून जनावर हाकून काढायला, गेलेला असो की घरी खोकत पडलेला असो, त्याच्या घरी चूल पेटते ना, मग त्याचा वाटा पडणार. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. माझ्या बापालाही माहीत नव्हतं. मी चौथीत शाळा सोडली, तेव्हा लिहिण्यात चुका होतील त्या होतील. गेल्या हंगामात माझी चूल त्या मोजणीतून गेली. ती कशी गेली तेवढं सांगतो.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगर लागतात, तिथं आमचं गाव. एका अंगाला आम्ही शेतकरी, ओढ्याच्या पलीकडे भिलाटी, भिल्लांची वस्ती. वर्षभर कोण कोणाच्या ओट्यावर बसतो आणि कोण खालीच उभा राहतो ते निराळं, त्याबद्दल मी इथं बोलत नाही. पण शिकार दोघांची मिळून. संक्रांत झाली, हरभरा निघाला, की हाके सुरू व्हायचे आणि आखाजीला बंद. आखाजी म्हणजे अक्षयतृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि वर्षात जे माणूस गेलं असेल त्याच्या नावाने पाण्याची घागर भरतात. घागर भरली की ते माणूस पितरांत गेलं. मग त्याचं आपल्याकडे काही राहत नाही.

शिकारीला बंदी आहे हे मला ठाऊक आहे. आम्ही जवान होतो तेव्हाही बंदी होती, पण जंगल होतं. भेकर होतं. संध्याकाळी डोंगरावर कुत्र्यासारखं भुंकायचं, नवीन माणूस घाबरायचा. रानकोंबडे पहाटे खालच्या वावरापर्यंत उतरायचे. आता भेकर नाही आणि रानकोंबडा एखादा. उरली डुकरं. ती भुईमुगात, मक्यात कळपाने शिरतात आणि एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं करून ठेवतात. अर्ज करा म्हणतात. अर्ज फिरून येईपर्यंत मका राहत नाही. म्हणून पोरं म्हणतात, "डुकरं हाकलाले जातंस," आणि जातात. सगळ्यांना कळतं. फार चांगलं करतात असं मी म्हणत नाही. मी पण गेलो, तेव्हा मला बोलायला तोंड नाही.

आणि एक सांगून ठेवतो. गावातल्या डुकराला आम्ही शिवत नाही. रानडुक्कर वेगळं. ते आमचंच पीक खाऊन वाढलेलं असतं.

वाटे घालायचं काम भिलाटीतल्या एका म्हाताऱ्याकडे आहे. माझ्याहून थोडा मोठा. मी त्याला नाना म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो. जनावर चिंचेखाली आणतात, तो उकिडवा बसतो, पुढे पळसाची पानं मांडतो आणि एकेका चुलीचं नाव घेऊन वाटा टाकतो. माणसाचं नाव घेत नाही. चुलींनाच नावं आहेत. "चिचखालनी. आडवरनी. गिरणीनी. बांधवरनी." बांधावरची ती माझी. माझं घर वावराच्या बांधाला लागून आहे, एक खोली आणि पडवी. मुलगा सडकेला स्लॅबचं घर बांधून राहतो, ती सडकवरची चूल.

ज्याचा भाला पहिला लागला त्याला मुंडकं. कुत्रं जखमी झालं तर त्याला वाटा, तो त्याच्या मालकाने त्यालाच खाऊ घालायचा, आपण खायचा नाही. घरात पोटुशी बाई असली तर दीड वाटा. माझा मुलगा पोटात होता तेव्हा नानाने आमच्या पानावर अर्धा वाटा जास्तीचा टाकला, तर माझी बायको म्हणाली, "नाना, हाऊ अर्धा वाटा पोटमाना पोऱ्याना, तो तं मी खासू. पण मना नवराले बी अर्धाच दे. तो हाकामा झाडखाले झोपेल व्हता." सगळे हसले. मी झोपलेलो नव्हतो, पायात काटा होता म्हणून बसलो होतो. पण तिला सांगून काय उपयोग. ती जे एकदा बोलली ते गावात वर्षभर चालायचं.

वाटा घ्यायचा तो बाईने. पुरुषाने आपल्या हाताने उचलून घरी न्यायचा नाही. मारायला गेलेला हात तसाच चुलीपर्यंत जाऊ नये, असं जुनी माणसं सांगायची. म्हणून बाया चिंचेपाशी येऊन उभ्या राहतात. माझी बायको सगळ्यांच्या आधी. आम्ही डोंगर उतरतानाच मला तिचं लुगडं दिसायचं. तिथून ती ओरडून विचारायची, "काय आनं? का परत हातच हालवत उनात?" मी लांबूनच हात वर करून दाखवायचो.

ती पोळ्यानंतर गेली. पोट दुखतं म्हणाली, आम्ही ओवा दिला. परत म्हणाली, तेव्हा साक्रीला नेलं, तिथून धुळ्याला. धुळ्याहून आणली तेव्हा ती बोलत नव्हती. सोयाबीन उभं होतं आणि ती गेली. त्याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहून बघितलं, जमत नाही.

तेरावं झाल्यावर मुलगा म्हणाला, "आबा, आते दोन चुली कशाले? सडकवर या. बठ्ठा मिळीसन राहू."

"झोपाले मी आठेच झोपसू," मी म्हणालो.

"झोपा. पण जेवाले या."

मी जायला लागलो. सकाळी चहा तिकडे, दुपारी भाकर तिकडे, संध्याकाळी तिकडे. सून वाईट नाही. ती रावेरकडची, केळीच्या मुलखातली. तिची बोली वेगळी, हात वेगळा, भाजीला वास वेगळा. तिने मला कधी शिळं वाढलं नाही. घरी गॅस आहे आणि मागच्या बाजूला चूलही घातली आहे, पाहुणे आले की त्याच्यावर भाकरी करते.

पण बांधावरची चूल मी बंद केली नाही. रोज सकाळी उठून पेटवायचो. तिच्यावर काही शिजवायचं नसायचं. पाणी तापवायचो, नाहीतर नुसताच बसायचो. छपरातून धूर निघतो, तो भिलाटीतून दिसतो, सडकेवरूनही दिसतो. घरात माणूस आहे हे त्याच्याने कळतं. एवढंच मला पाहिजे होतं. वेडेपणा वाटेल. वाटू दे. पन्नासेक वर्षं त्या घराचं नाव त्या चुलीने घेतलं, आणि ती चूल माझ्या बायकोची होती. तिने घातलेली, दर दिवाळीला तिनेच मातीने पोतारलेली. चूल मोजणीतून गेली तर ती बाई कधीकाळी होती हे सांगायला चिंचेखाली काही उरणार नाही. मुलाचं घर मुलाचं आहे. तिथं ती पाहुण्यासारखी जायची, कोपऱ्यात पाट घेऊन बसायची.

नानाला मी विचारलं. त्याने बिडी विझवली, पुढचं हळू बोलला.

"भाऊ, बाई मरनी तं चूल त्याच दिवसे जात नही. आखाजीपर्यंत मोजतस."

"मंग आखाजीनंतर?"

"शेवटला हाकापर्यंत पेटी राहिनी, आन वाटा लेवाले कोनी बाई उनी, तं पुढे बी मोजसू. नही तं नही. मी काय करू? मना घरना कायदा नही तो."

म्हणजे मला त्या एका हंगामात चूल उभी ठेवायची होती. शेवटच्या हाक्याला बांधवरनी म्हटल्यावर कोणी बाईने पुढे येऊन वाटा उचलायचा आणि बांधावरच्या चुलीवर तो शिजायचा. एवढं झालं की पुढच्या सालीही ती मोजली गेली असती. मी असेपर्यंत तरी.

पहिला हाका संक्रांतीनंतर झाला. सशांचा. हरभऱ्याची वावरं मोकळी झाली होती. एका टोकाला वाघूर लावली. वाघूर म्हणजे दोऱ्याचं लांब जाळं, आम्ही ते घरीच विणतो. दुसऱ्या टोकाने आम्ही डबे वाजवत निघालो. ससे थोडे मिळाले. एकेका चुलीला मूठभर मांस आलं असेल. नानाने पानं मांडली आणि एकेक नाव घेत गेला. बांधवरनी म्हणाला आणि क्षणभर थांबला. सगळ्या बाया खाली बघायला लागल्या.

तेवढ्यात आडावरची म्हातारी पुढे आली. ती विधवाच, माझ्या बायकोची जिवाची. ती म्हणाली, "काय देखतस मना तोंडकडे? टाक आठे," आणि पदराखालचं भांडं पुढे केलं. मी घरी पोचलो तर चुलीपाशी आमचं जर्मनचं भगोनं, त्यात वाटा. मला बरं वाटलं. भगोनं तिच्याकडे कसं आलं, ती माझ्या घरात कधी शिरून घेऊन गेली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बायका भांडी घेतात, ठेवतात. त्याच्याकडे कोण बघतो.

मी ते मांस शिजवलं. कांदा आणि खोबरं निखाऱ्यावर भाजतात हे मला माहीत होतं, रोज बघत होतो. पण किती भाजायचं ते बघितलं नव्हतं. कोळसा झाला. तोच वाटला. रस्सा कडू झाला आणि मांस आत कच्चं. थोडं खाल्लं, बाकी कुत्र्यापुढे टाकलं. कुत्र्याने हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मात्र धूर खरा होता.

सुनेला मी सांगितलं नाही. मुलाला वास आला असावा. तो म्हणाला, "आबा, तुम्हले जे खावानं व्हयी ते सांगत जा ना. ती करी दी." मी हो म्हणालो.

दुसरा हाका होळीनंतर. वर डोंगरावर, जिथं आम्ही पूर्वी भेकराला जायचो. आता तिथं पवनचक्क्या झाल्या आहेत. रात्रंदिवस घरघर करतात. पोरं पुढे, आम्ही दोघं म्हातारे मागे. मला चढताना खोकला येत होता. एक पोरगा वळून म्हणाला, "आबा, तुम्ही तठेच बसा आन नुसता खोकलत राहा. डुकरं तेवढामाच पळी येतीन."

"आन तू नीट भाला धर," नाना त्याला म्हणाला. "मागला वरीसले स्वतःना पायवर टाकेल व्हता."

त्या दिवशी काही मिळालं नाही. एक रानकोंबडा झुडपातून फडफडत उडाला. कोणी हात पण उचलला नाही. तो पलीकडच्या घळीत उतरला आणि आम्ही सगळे तो गेला तिकडे बघत राहिलो. पोरं मोबाईल काढून बसली. मी आणि नाना एका खडकावर बसलो. तिथूनच पूर्वी मी भेकर पाडलं होतं. त्या वेळी जवान होतो. ते खाली आणताना मी असा चालत होतो की जसं काय डोंगर माझ्या बापाचा. खाली चिंचेपाशी बायको उभी होती. तिने भेकराचे डोळे बघितले आणि म्हणाली, "हाई तं रडी राहिनं." मग वाटा घेतला, रांधला, वाढला. स्वतः खाल्लं नाही. त्यानंतर तिने भेकराचं मांस कधी खाल्लं नाही. डुकराचं खायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "डुकरंना डोया कोन देखस?"

हे मी नानाला सांगितलं नाही. त्याला सगळं माहीतच होतं, तो होता तिथं. तो म्हणाला, "भाऊ, आखाजी जवळ उनी."

"उनी."

"आडवरनी म्हातारी लेकीना बाळंतपणले गयी ना, एरंडोलकडे. ती आखाजीपर्यंत काही येत नही. तुना वाटा कोन ली?"

मी म्हणालो, "मनी सून ली."

तो बिडी ओढत राहिला. नंतर म्हणाला, "चांगलं शे. घरनीच बाई." आणि मला वाटलं झालं, प्रश्न सुटला. त्याने तेव्हा मला एक शब्द जास्त सांगायला पाहिजे होता. पण त्याला काय माहीत की मला माहीत नाही. एवढ्या वर्षांचा शिकारी, वाट्याचे कायदे ह्याला काय शिकवायचे, असं त्याला वाटलं असणार.

शेवटचा हाका आखाजीच्या जरा आधी. ऊन इतकं की खडकाला हात लागत नव्हता. ओढ्याच्या वरच्या करवंदीत डुकराने घर केलं होतं, एकटा मोठा नर. सकाळी निघायच्या आधी मी सडकेवर गेलो. सून झाडत होती. मी म्हणालो, "बाई, आज मना वाटा तू ले. चिचखाले ये, बांधवरनी म्हटलं की पुढे हो. आन बांधवर आनी ठेव."

"हो आबा," ती म्हणाली. "येते मी."

घरी येऊन मी चूल पोतारली. बायकोसारखी जमली नाही, बोटं उमटली. भगोनं राखेने घासलं, इतकं की आत तोंड दिसायला लागलं. या वेळी कांदा-खोबरं आधीच भाजून वाटून ठेवलं. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ शेजारच्या गिरणीवाल्याकडून आणलं होतं. भाकरी थापायला यायची नाही, तरी बघू म्हटलं. भगोनं चुलीपाशी उपडं घालून ठेवलं. ते तिथंच ठेवून मी हाक्याला गेलो.

हाक्यात मी काही केलं नाही. मला घळीच्या तोंडाशी उभं केलं, जनावर इकडे आलं तर आरडायला. ते आलं नाही. वर कुत्री भुंकली, माणसं ओरडली, मग एक कुत्रं केकाटलं आणि नंतर सगळं गप्प झालं. भाला गिरणीवाल्याच्या मुलाचा लागला. तोच, स्वतःच्या पायावर टाकणारा. नानाच्या एका कुत्र्याची मांडी फाटली होती, त्याला दोघांनी चादरीत घालून आणलं. ते कण्हत नव्हतं. नुसतं बघत होतं.

चिंचेखाली बाया जमल्या होत्या. सून पण होती. डोक्यावर पदर नीट, हातात स्टीलचं मोठं पातेलं, नवं, कोणाच्या तरी लग्नात आहेर आलेलं. मला तेव्हाही काही कळलं नाही. ती आली हेच मला पुष्कळ वाटलं.

नाना बसला. पानं मांडली. मुंडकं बाजूला ठेवलं. कुत्र्याचा वाटा काढला. मग सुरू झाला. चिचखालनी, एक बाई पुढे आली, भांडं धरलं. आडवरनी, म्हातारीच्या भावजयीने म्हातारीचीच कढई आणली होती, ती धरली. गिरणीनी. सडकवरनी. सून पुढे झाली, पातेलं धरलं, नानाने पान त्यात उपडं केलं. ती बाजूला झाली.

"बांधवरनी," नाना म्हणाला. मोठ्याने म्हणाला, नेहमीपेक्षा मोठ्याने. माझ्यासाठी म्हणाला, मला कळलं.

सून परत पुढे आली. तेच पातेलं घेऊन.

नानाचा हात पान उचलून तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्या बायांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला त्या क्षणाला कळलं. वाटा बाईला मिळत नसतो. तो भांड्याला मिळतो. ज्या चुलीचा वाटा, त्या चुलीचं भांडं. दोन वाटे एका भांड्यात पडले की दोन चुली एक झाल्या. भाऊभाऊ वेगळे निघालेले परत एक होतात तेव्हा पण असंच करतात, एकच भांडं आणतात आणि काही बोलत नाहीत. हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. बघून कळलं नव्हतं. आम्ही पुरुष पलीकडे बसून कोणाचा भाला कुठं लागला ते बोलत असायचो.

सून पातेलं धरून उभी. तिला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "नाना, टाका ना. आमचाच आहे तो बी."

नाना अजूनही माझ्याकडे बघत होता. मी हात वर केला असता, थांब म्हणालो असतो, तर त्याने थांबवलं असतं. मी धावत जाऊन भगोनं आणलं असतं तर कोणी हसलंही नसतं, कदाचित. पण सुनेला अख्ख्या गावापुढे मागे सार म्हणायचं. का, तर म्हाताऱ्याला वेगळं शिजवायचं आहे, हिच्या हातचं नको आहे. गावाने असंच धरलं असतं. तिनेही तसंच धरलं असतं. मी हात उचलला नाही.

नानाने पान उपडं केलं. तो पुढचं नाव घ्यायला लागला.

एकदा पडलेला वाटा परत काढत नाहीत. आणि काढणार तरी कसा, मांसाला थोडंच नाव लिहिलेलं असतं.

सून माझ्यापाशी आली. घामाने तोंड भरलेलं, पण हसत होती. "आबा, तुमचा बी वाटा घेतला. आता उन्हात कुठं बांधावर जाते, एकाच ठिकानी रांधते. तुम्ही हात-पाय धुऊन या, गरमगरम जेवजा."

"बरं," मी म्हणालो.

परत येताना नाना माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आला. तो जखमी कुत्र्याचा वाटा हातात घेऊन चालला होता. मग म्हणाला, "भाऊ, पोरीले माहीत नही. तिना मुलखमा आसं नही."

"नही."

"पुढला वरीसले मी आपला टाकी दिसू. कोन इचारस मले?"

मी म्हणालो, "नको टाकू, नाना. तू एक टाकशी, उद्या दुसरा म्हणी मना भाऊना टाक, मना मयत बापना टाक. तू एकच धर."

त्याने मान हलवली. तो माझं ऐकेल अशी मला भीती होती आणि त्याने ऐकलं. तो ओढा ओलांडून गेला.

मी घरी गेलो. चूल पेटलेलीच होती. सकाळी जाड लाकूड घातलं होतं, हळूहळू जळत होतं. वाटलेला मसाला पाट्यावर तसाच, वरून वाळून चिरा पडलेला. लाकूड मी बाहेर ओढलं आणि अंगणात मातीवर दाबून विझवलं. धूर झाला, डोळ्यांत गेला. भगोनं उचलून फडताळात ठेवलं. मसाल्याचं काय करावं ते कळेना. टाकून दिला. मुंग्या आल्या असत्या.

मग सडकेवर गेलो. ऊन उतरलं होतं. सुनेने मागच्या चुलीवर रांधलं होतं, गॅसवर नाही. मांस चुलीवरचंच चांगलं लागतं म्हणून. तिने मला पाट दिला, ताट दिलं, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला. मुलगा समोर बसला. दोन घास खाल्ल्यावर तो म्हणाला, "आबा, मायनी घागर आठेच भरूत ना? मी माठवालाले सांगेल शे. पुरणना बी तिनी बठ्ठं आनी ठेवेल शे."

"भर," मी म्हणालो. "आठेच भर."

"मंग पाट बी आठेच मांडूत. तठे परत जावाले नको."

"तठे कोन शे आते," मी म्हणालो.

तो खाली बघून भाकर मोडत राहिला. सून आतून पातेलं घेऊन आली. रस्सा झणझणीत झाला होता, मांस मऊ शिजलं होतं, मीठ बरोबर होतं. दिवसभर उन्हात होतो, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मला भूक लागली होती. तिने विचारलं, "आबा, वाढू का अजून?" आणि मी ताट पुढे केलं.